मोठ्या कुटुंबाचा घरचा नाताळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे नाताळला अठ्ठावीस-तीस माणसं जमतात. चार पिढ्या, एक ओव्हन, दोन बाथरूम. गेली पंधरा वर्षं या दिवसाची आखणी माझ्याकडे आहे. या काळात नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बहुतेक उत्तरं तिथेच येऊन पोचतात. माझी आई कित्येक वर्षं नाताळचं जेवण दुपारी चार वाजता, निवलेलं, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून जेवली. आम्ही बाहेर गाणी म्हणत होतो. तिचं ते ताट आम्हाला फार उशिरा दिसलं. आता घरातला प्रत्येक माणूस त्या टेबलाशी एकाच वेळी बसला पाहिजे, हा आमचा नियम आहे. बाकी सगळी आखणी त्यासाठी.

तयारी कधी सुरू करायची?

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पहिला रविवार दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. चर्चने हा काळ मनाच्या तयारीसाठी ठेवला आहे, पण घराच्या तयारीलाही तो पुरेसा आहे. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न हे धर्मोपदेशक गरीब मुलांचा आश्रम चालवत. नाताळला किती दिवस उरले असं मुलं रोज विचारायची, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रोजची लहान आणि रविवारची मोठी. आजचं चार मेणबत्त्यांचं आगमनचक्र त्यातूनच आलं.

आम्ही ते चक्र जेवणाच्या टेबलावर ठेवतो आणि प्रत्येक मेणबत्तीला काम बांधतो. पहिलीला कोण येणार, किती रात्री राहणार, ते पक्कं करायचं. दुसरीला कामांची वाटणी आणि भेटींच्या चिठ्ठ्या. तिसरीला सजावट, किराणा, अंथरुणं-पांघरुणं. चौथीला नवं काहीही काढायचं नाही. चौथा रविवार कधी कधी थेट २४ डिसेंबरलाच येतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर काही ठेवू नका. केकसाठी सुका मेवा भिजत घालायचा असेल तर तो मात्र या सगळ्याच्या आधी.

सगळे २५ तारखेला येऊ शकत नाहीत. मुलींना सासर आहे, कुणाची ड्यूटी आहे. काय करायचं?

तारीख हलवा. मी हे बिनदिक्कत सांगते, कारण येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेही दिलेली नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी स्पष्ट नोंद मिळते ती ३५४ साली रोममध्ये तयार झालेल्या एका संग्रहात. जुनं ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो, आर्मेनियन अपोस्टोलिक चर्चमध्ये ६ जानेवारीला. पश्चिमेकडच्या परंपरेतही नाताळ म्हणजे एकच दिवस नाही. २५ डिसेंबरपासून प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूच्या भेटीला आले, त्याची आठवण), म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, बारा दिवसांचा सण आहे.

उपासना ज्या दिवशीची त्याच दिवशी करा. कुटुंबाचं मोठं जेवण २७ ला झालं तरी ते नाताळचंच जेवण आहे. आम्ही तीन बहिणी आहोत. एका वर्षी २५ माहेरी, पुढच्या वर्षी सासरी, असं आम्ही ठरवून टाकलं. आधी दर डिसेंबरात तिघींच्याही घरी याच गोष्टीवरून रुसवे-फुगवे असायचे. फोनवर “बघू, जमलं तर येते” असं उत्तर मात्र स्वीकारू नका. हो किंवा नाही, आणि तेही पहिल्या मेणबत्तीच्या आत.

इतक्या माणसांचा स्वयंपाक कोणी करायचा?

आखणारी आणि रांधणारी व्यक्ती एकच नको. हे एवढं पाळलंत तर अर्धी लढाई जिंकलीत. जिच्या हातात यादी आहे तिने पातेल्यापाशी उभं राहायचं नाही. तिनं घड्याळ बघायचं.

घरात ओव्हन एकच असतो आणि त्या दिवशी सगळ्यांना तोच हवा असतो. म्हणून जेवणाची वेळ आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजत मागे या. दीड वाजता बसायचं असेल तर मांस पावणेएकला ओव्हनमधून बाहेर आलं पाहिजे. ते मुरत असताना त्याच ओव्हनमध्ये भाज्या जातात. केक, बिस्किटं, गोडाचं सगळं दोन-तीन दिवस आधी झालेलं असावं. हा तक्ता मोठ्या अक्षरात फ्रीजवर लावा, कुणालाही न विचारता वाचता येईल असा.

येणाऱ्या प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा, पण पूर्ण तयार करून. “चिरून आणते, तिथे येऊन फोडणी देते” याला नम्रपणे नाही म्हणा. सकाळी अकरा वाजता चार जणी एकाच शेगडीपाशी उभ्या राहिल्या की गोडीगुलाबीनं सुरू झालेली गोष्ट कुरबुरीवर संपते. पदार्थही मोजकेच ठेवा. पाच भरपूर होतात. बारा पदार्थांचं टेबल फोटोत छान दिसतं, पण त्यासाठी आदल्या रात्री कुणीतरी जागलेलं असतं.

“काही मदत करू का?” असं पाहुणे विचारतात तेव्हा बहुतेक घरांत “अहो नको, बसा” असं उत्तर जातं. तसं म्हणू नका. नेमकं काम सांगा: “काका, ग्लास पुसून टेबलावर मांडा, तीस.” माणसाला काम दिलं की त्याला त्या घरात जागा मिळते. नवा जावई, नवी सून, पहिल्यांदाच आलेली मैत्रीण, यांच्यासाठी तर हे फार गरजेचं.

भांड्यांचा नियम आमच्याकडे कडक आहे. ज्याने रांधलं त्याने घासायचं नाही. पहिल्या वर्षी माझा भाऊ आणि धाकटे काका बाह्या सरसावून उभे राहिले तेव्हा आजी अस्वस्थ झाली होती. “पुरुषांना कशाला?” म्हणाली. दुसऱ्या वर्षी ती स्वतः त्यांना हाका मारून बोलवायला लागली. बारा वर्षांवरची मुलं-मुली दोघंही पुसायला उभी राहतात, आणि सगळ्यांत जास्त हसण्याचा आवाज त्या सिंकपाशीच येतो.

मोठा पक्षी पहिल्यांदाच भाजणार आहे. कशाची काळजी घेऊ?

गोठवलेला असेल तर आधी तो वितळवण्याची. फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवून वितळवायचा. दर दोन किलोला साधारण एक पूर्ण दिवस लागतो. सहा किलोचा असेल तर तीन दिवस, म्हणजे २१ च्या रात्रीच तो फ्रीझरबाहेर यायला हवा. एका वर्षी आम्ही तो २४ च्या सकाळी काढला होता. दुसऱ्या दिवशी टेबलावर कापला तेव्हा हाडापाशी गुलाबी आणि गार. माणसं ताटं घेऊन बसलेली, आणि पक्षी परत ओव्हनमध्ये गेला. लहान मुलं ब्रेड-लोणी खाऊन झोपली.

दुसरं, अंदाजावर जाऊ नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसला की ७४ अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. सारण पोटात भरण्यापेक्षा वेगळ्या भांड्यात भाजा, ते नीट शिजतं. आणि कच्चा पक्षी नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर जातात. भाजून निघाल्यावर अर्धा तास तरी तसाच राहू द्या, म्हणजे रस आत मुरतो आणि कापताना मांसाचा भुगा होत नाही.

शाकाहारी, मधुमेही, अ‍ॅलर्जीवाले सगळेच आहेत. प्रत्येकासाठी वेगळं करायचं?

नाही. सगळ्यांना चालणारे दोन चांगले पदार्थ ठरवा आणि ते भरपूर करा. शाकाहारी माणसासाठी कोपऱ्यात एक वाटी झाकून ठेवलेली असते, तेव्हा त्याला आपण अडचण आहोत असं वाटतं. दाण्यांची किंवा सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र चमचेसुद्धा वेगळे ठेवा आणि पदार्थावर चिठ्ठी लावा.

घर लहान आहे. सगळे एकाच वेळी कसे बसणार?

दोन पंगती केल्या की दुसऱ्या पंगतीत कोण बसतं, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मी दोन पंगतींच्या विरुद्ध आहे. पलंग उभा करा, सोफा बाहेर काढा, इस्त्रीच्या टेबलावर चादर घाला, जमिनीवर सतरंज्या अंथरा. ताटंवाट्या एकसारख्या नसल्या तरी चालतात. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या, बाकीच्यांना जमीन. मुलांचं वेगळं टेबल करायचं असेल तर त्यांच्यात एक मोठा माणूस मुद्दाम बसवा, शक्यतो गोष्टी सांगणारा.

प्रत्येकाला भेट द्यायची म्हणजे खर्चाचा डोंगर होतो. काय करावं?

हिशोब करून बघा. चोवीस माणसांनी प्रत्येकाला एकेक वस्तू द्यायची म्हटली तर २४ गुणिले २३, म्हणजे ५५२ भेटी. चिठ्ठ्या टाकल्या तर फक्त २४. मोठ्यांसाठी चिठ्ठ्या, लहानांना सगळ्यांकडून मिळून एक वस्तू, आणि रकमेला सर्वांना झेपेल अशी मर्यादा. ही मर्यादा ठरवताना घरात सर्वांत कमी कमावणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याला तोंड उघडून सांगायची वेळ येऊ देऊ नका.

टोपीतून चिठ्ठ्या काढल्या तर कुणाला ना कुणाला स्वतःचंच नाव येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते, माणसं दहा असोत की तीस. म्हणून पुन्हा पुन्हा काढावं लागलं तर वैतागू नका. आमच्याकडे हे काम आजीकडे होतं. ती चिठ्ठ्या पिसून गोलात मांडायची आणि प्रत्येकाला पुढच्याचं नाव कानात सांगायची. नवरा-बायको शेजारी आले की हलवायची. तिनं कधीही, कुणालाही, काही फोडलं नाही.

लहान मुलांना या सगळ्यात कसं सामील करून घ्यायचं?

गव्हाणीचा देखावा, म्हणजे येशूच्या जन्माचा छोट्या मूर्तींचा देखावा, त्यांच्या हाती सोपवा. झाडापेक्षाही मला देखावा जास्त प्रिय आहे. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीकर संत फ्रान्सिस यांनी गव्हाणी, गवत, जिवंत बैल आणि गाढव आणून नाताळची रात्र लोकांच्या डोळ्यांपुढे उभी केली. घरोघरच्या देखाव्यांमागे ती रात्र आहे. मोठी मूर्ती, महागडी सजावट यांची गरज नाही. आमच्या देखाव्यातली एक मेंढी गेली वीस वर्षं तीनच पायांवर उभी आहे आणि ती बदलायला मुलं तयार नाहीत.

मांडताना शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनाची कथा, वाचा. मुलांना त्यातले बारकावे शोधायला फार आवडतं. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात आहेत, पूर्वेकडचे ज्ञानी लोक मत्तयच्या. ते तीन होते असं मत्तय म्हणत नाही. भेटी तीन होत्या: सोनं, ऊद आणि गंधरस. बैल आणि गाढव तर दोन्हीकडे नाहीत. बाळ २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचं नाही, आणि घरातल्या सर्वांत लहान मुलानं ते ठेवायचं. ज्ञानी लोक घराच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटावर वगैरे उभे करायचे. रोज थोडं थोडं चालत ते ६ जानेवारीला देखाव्यापाशी पोचतात. रोज सकाळी उठून “आज ते कुठवर आले?” हे बघायला मुलं धावतात.

सुरक्षेचंही सांगते, कारण गर्दीत प्रत्येकाला वाटतं की मुलांकडे दुसरं कुणीतरी बघतंय. खेळण्यातल्या, दिव्यांतल्या, वाजणाऱ्या कार्डातल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या गिळल्या तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, बदाम देऊ नका. द्राक्षं उभी चिरून, चार फोडी करून द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला कौतुकानं मध चाटवायला कुणी आलं तर थांबवा. आणि दर तासाला एका मोठ्या माणसाचं नाव ठरवा, त्या तासात मुलांवर लक्ष त्याचंच.

झाड खरं की कृत्रिम?

जे जमेल ते. खरं असेल तर बुंध्याची दोनेक सेंटिमीटरची चकती कापून झाड लगेच पाण्यात उभं करा आणि रोज पाणी बघा. वाळलेलं झाड पेटलं तर काही करायला वेळच मिळत नाही. १८८२ मध्ये एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी झाडावर विजेचे ८० दिवे लावले. तोवर झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावत. आज हौसेनं कुणी तसं करू पाहील तर करू देऊ नका. झोपण्याआधी दिव्यांचं बटण बंद करायचं काम एकाच माणसाला द्या.

घरात सगळेच ख्रिस्ती नाहीत. प्रार्थना करायची का?

करा, आणि लहान ठेवा. आपलं घर आहे, आपला सण आहे, तो लपवायचं कारण नाही. पण कुणालाही मोठ्यानं म्हणायला, गुडघे टेकायला लावू नका. आधी शांतपणे सांगून ठेवा की जेवणाआधी पाच मिनिटं वाचन आणि प्रार्थना आहे, नुसतं उभं राहिलं तरी चालेल. माझे एक मेहुणे हिंदू आहेत. दरवर्षी मेणबत्ती तेच लावतात. त्यांनीच एकदा विचारलं होतं, “हे मी केलं तर चालेल का?”

जुनी भांडणं नाताळच्या टेबलावर येतात. कशी टाळायची?

पूर्ण टळत नाहीत. जमिनीचा वाटा, आजारपणात कोण आलं नाही, कुणाच्या लग्नात कुणाला बोलावलं नाही, हे सगळं त्या टेबलाभोवती बसलेलं असतंच. दोन गोष्टी उपयोगी पडतात. ज्यांचं पटत नाही त्यांना समोरासमोर बसवू नका. एका बाजूला, मध्ये दोन माणसं ठेवून बसवा, म्हणजे नजरानजर होत नाही. आणि जेवणानंतर सगळ्यांना बाहेर चालायला न्या. चालताना माणसं कमी टोचून बोलतात. दारू ठेवणार असाल तर जेवणाबरोबर ठेवा, जेवणाआधी तीन तास नको.

वाद पेटलाच तर निवाडा करू नका. “हे आपण जानेवारीत बसून बोलू,” असं म्हणा, आणि जानेवारीत खरोखर बसा.

या वर्षी घरातलं माणूस गेलं आहे. नाताळ करावा का?

ते सर्वांत जवळच्या माणसानं ठरवावं, म्हणजे मागे राहिलेल्या पत्नीनं, पतीनं, आईनं. “लोक काय म्हणतील” यावर नको, आणि “त्यांना आवडलं असतं” असं इतरांनी परस्पर ठरवूनही नको. नको म्हणाले तर तेही बरोबर आहे.

माझे वडील नोव्हेंबरात गेले. आई म्हणाली, मुलं येऊ देत. आम्ही सगळं तसंच केलं. देखावा, झाड, जेवण, सगळं. एकच गोष्ट विसरलो. लूकचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, दरवर्षी वडील वाचायचे. ती वेळ आली, बायबल टेबलावर होतं आणि कुणीच हात पुढे केला नाही. ती शांतता मला अजून आठवते. शेवटी माझ्या चौदा वर्षांच्या भाच्यानं ते उचललं आणि वाचलं. “उतारशाळेत त्यांना जागा नव्हती” इथे त्याचा आवाज अडकला, आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो पुढे वाचत गेला.

त्यावरून सांगते: गेलेल्या माणसाचं त्या दिवशीचं काम कोणतं होतं ते आधी आठवा आणि कोण करणार ते ठरवा. वाचन, मांस कापणं, पहिलं गाणं सुरू करणं, दारात उभं राहून निरोप देणं. त्यांचं नाव घ्या. नाव टाळल्यानं कुणालाच हलकं वाटत नाही. रडू आलेल्या माणसाला एकटं बसता येईल अशी एक खोली मोकळी ठेवा आणि त्याच्या मागे लगेच कुणी जाऊ नका.

आजी-आजोबा खूप थकतात. त्यांच्यासाठी काय करावं?

ऐकू कमी येत असेल तर त्यांची खुर्ची भिंतीला पाठ करून ठेवा, मागून येणारा गोंगाट कमी होतो. दुपारची झोप चुकवू नका. औषधाच्या वेळा एका नातवाकडे द्या. रात्रीची उपासना झेपणार नसेल तर बऱ्याच चर्चमध्ये संध्याकाळीही असते, त्यांना तिथे न्या. आणि त्यांना काम द्या. वाटाणे सोलणं, रुमालांच्या घड्या, काहीही. माझी आई ८१ वर्षांची आहे. आता ती पहिल्या खुर्चीवर बसते आणि ती बसल्याशिवाय कुणी घास घेत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांना कसं सामील करायचं?

व्हिडिओ कॉल जेवणाच्या वेळी नको. जेवण थांबतं, आणि पलीकडचा माणूस तीस जणांचे हलणारे हात बघत राहतो. देखावा मांडताना किंवा गाण्यांच्या वेळी लावा, आणि फोन एका ठिकाणी उभा करून ठेवा.

खर्च कसा वाटायचा?

माणशी नको, घरागणिक वाटा. आणि ज्याच्या घरी सण आहे त्याच्याकडून पैसे घेऊ नका, त्यानं आधीच घर दिलं आहे.

उरलेलं अन्न?

शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उथळ डब्यांत. गप्पांच्या नादात हेच राहून जातं. तीन-चार दिवसांत संपवा आणि गरम करताना वाफा येईपर्यंत करा. पाहुण्यांना रिकामे डबे आणायला आधीच सांगा.

सजावट कधी काढायची?

६ जानेवारीला, ज्ञानी लोक गव्हाणीपाशी पोचले की. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा, मूर्ती जुन्या सुती कापडात. सगळ्यात वर एक चिठ्ठी ठेवा: काय कमी पडलं, काय उरलं, कुणी काय केलं. पुढच्या वर्षी खोका उघडला की आधी तीच हाती येते. आमच्या खोक्यातल्या सर्वांत जुन्या चिठ्ठीवर आईच्या अक्षरात एवढंच आहे: “बशा सहा कमी. खुर्च्या शेजारून दोन. मेंढीचा पाय सापडला नाही.”